माघारे येणे

२ नोव्हेंबर २०२५, रविवार

दिल्लीतल्या मराठी आईबापांनो! आपलं दुखणं एकच आहे. आपण बोलतो आणि आपली मुलं ऐकत नाहीत. ऐकलं तर त्यांना कळत नाही. ‘अडगळ’ म्हटलं की विचारतात, म्हणजे स्टोअररूम का? ‘हुरहुर’ म्हटलं की नुसती बघत राहतात. जो शब्दच घरात उरला नाही, त्याचं दुःख तरी कसं करणार?

चौदा जानेवारीच्या भाषणाची ही सुरुवात. चांगली जमली आहे. दर वर्षी त्या दिवशी आमच्या मराठी मंडळाच्या बसगाड्या पानिपतला जातात आणि काला अंबच्या स्मारकापाशी मी बोलते. अठ्ठावीस वर्षं बोलते आहे. शेवट ठरलेला असतो. आमच्या घराण्यातला एक पुरुष त्या लढाईत गेला. त्याचं छावणीतून आलेलं मोडी पत्र माझ्या वडिलांनी जपलं आणि मला दिलं. ते मी उंच धरते आणि त्यातली ओळ म्हणते: ‘माघारे येणे नाही!’ मग समोरून दोनशे कंठांतून तीच ओळ परत येते. अंगावर काटा येतो, अजूनही येतो.

आज मंडळाचा सचिव राजीव येऊन गेला. म्हणाला, “कुमुदिनीताई, यंदा काहीतरी नवीन करू या. तुम्ही मूळ पत्रातूनच वाचून दाखवा. मोडीतून. आम्ही व्हिडिओ काढतो.”

“वाचीन की,” मी म्हणाले.

तो गेल्यावर आमच्या यजमानांनी, सूर्यकांतांनी, वर्तमानपत्र खाली केलं. “कुमुद, तुला मोडी येतं?”

नाही येत. इथे लिहायला हरकत नाही. अठ्ठावीस वर्षं जो कागद मी झेंड्यासारखा धरला, त्यातलं एक अक्षर मला लागत नाही. ती ओळ वडिलांनी सांगितली, त्यांना गावच्या मास्तरांनी सांगितली होती. मला ती तोंडपाठ आहे, वाचलेली नाही.

५ नोव्हेंबर

सूर्यकांतांनी सुचवलं की मोडी ऑनलाइन शिकवतात, दहा आठवड्यांचा वर्ग आहे. यांना हे कुठून कळलं, कोण जाणे. रेल्वे बोर्डातून निवृत्त झालेला माणूस, मोबाइलवर हवामान सोडून काही बघत नाही.

मी आयुष्यभर या ऑनलाइन शिक्षणाविरुद्ध बोलले आहे. जिथे गुरूच्या डोळ्यांत बघता येत नाही तिथे विद्या नाही, केवळ माहिती आहे, असं मी तीन व्यासपीठांवरून सांगितलं आहे. आज त्याच दारात पासवर्डसाठी उभी राहिले. पासवर्डात एक मोठं अक्षर हवं, एक आकडा हवा, एक चिन्ह हवं. चार वेळा नाकारला. पाचव्यांदा स्वीकारला, तेव्हा व्यासपीठावर हार घातल्यासारखं वाटलं.

मग ‘स्वतःचा परिचय लिहा’. मी लिहिला. पडद्याने तो मधेच तोडला. तीनशे अक्षरांची मर्यादा! तीनशे अक्षरं तर माझी उपस्थितांना वंदन करण्यात जातात. खोडत खोडत शेवटी उरलं ते असं: ‘कुमुदिनी. वय ६७. राहणार मयूर विहार, दिल्ली. मला घरचं एक पत्र वाचायचं आहे.’ वाचून बघितलं. याहून खरं काही मी गेल्या कित्येक वर्षांत लिहिलेलं नाही.

शेवटी ‘सोबती क्रमांक’ असा एक रकाना होता. इथे विद्यार्थी जोडीजोडीने एकमेकांचा गृहपाठ तपासतात. तुमचा कुणी ओळखीचा असेल तर त्याचा क्रमांक घालायचा, नाहीतर मोकळा सोडायचा.

“मोकळा सोडा,” मी म्हणाले.

“हो हो,” म्हणत सूर्यकांतांनी फोन हातात घेतला आणि काहीतरी टाइप केलं. मोकळं सोडायला एवढं टाइप काय करावं लागतं!

९ नोव्हेंबर

पहिला धडा. शिकवणारे यशोधन सर जेमतेम तिशीचे. मी वही-पेन घेऊन, साडी नेसून, खुर्चीत ताठ बसले होते. चित्रफीत आधीच घेतलेली आहे आणि ते मला बघत नाहीत, हे मला अर्ध्या तासाने कळलं.

पण काय शिकवलं त्या मुलाने! म्हणाला, आपण आधी अक्षर लिहितो आणि मग वर रेघ देतो. मोडी लिहिणारा आधी पानभर रेघ ओढायचा, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि मग तिला अक्षरं लटकवत जायचा. हात उचलायचा नाही. शब्दाशब्दांत जागा सोडायची नाही. पूर्णविराम नाही, स्वल्पविराम नाही. ओळ म्हणजे वाहतं पाणी. कुठे शब्द संपला, हे वाचणाऱ्याने ठरवायचं.

मी थांबवलं. म्हणजे पडद्यावर बोट ठेवलं आणि सर तोंड उघडं ठेवून थबकले. मागे नेलं. त्यांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, त्याच उत्साहाने. पुन्हा मागे नेलं. पुन्हा तेच. कपाळाला आठी नाही, ‘लक्ष कुठे आहे?’ नाही. सात वेळा एकच गोष्ट विचारली आणि सातही वेळा गुरू प्रसन्न! माझ्या शाळेत दुसऱ्यांदा विचारलं तर पट्टी बसायची. मी स्वतःही घरात फार वेळा विचारू दिलेलं नाही कुणाला.

खाली वर्गातल्यांची नावं दिसतात. सुरतेतला एक रिक्षावाला, बेळगावची एक परिचारिका, टोरांटोतले एक आजोबा, तंजावरचा एक मुलगा. एक रेघ ओढायला इतकी माणसं जमली आहेत. बाहेर धुराने समोरची इमारत दिसत नाही आणि मला टोरांटो दिसतंय.

२० नोव्हेंबर, गुरुवार

माझ्या सोबत्याने पहिला गृहपाठ तपासला. इथे टोपणनावं चालतात. याने घेतलंय ‘कडबोळी’. हे काय नाव! पण मोडी अक्षरं कडबोळ्यांसारखीच दिसतात, तेव्हा विनोद बरा आहे. लिखाणावरून बाई वाटते. लिहिलं आहे: ‘रेघ बिल्कुल सरळ आहे. पण अक्षरं रेघेला ठोसे मारतायत. हात ढिला सोडायचा. आणि ऱ्हस्व-दीर्घ शोधू नका, मोडीत वेलांटी एकच असते. चूक नाही ती, रीत आहे.’

स्पष्टवक्ती आहे. मात्र वळण नाही. ना ताई, ना काकू, ना मॅडम. संबोधनच नाही. मी तिला ‘प्रिय भगिनी’ असं लिहून उत्तर पाठवलं.

गुरुवार असल्याने सूर्यकांत नोएडाला त्यांच्या बुद्धिबळाच्या मित्राकडे गेले. मेट्रोने सरळ शेवटपर्यंत. स्टीलचा डबा भरून कडबोळी नेली. तो मित्र फार खातो. डबा दर वेळी रिकामा येतो, आणि आज झाकणाला आतून एक चमचमता तारा चिकटवलेला होता. साठीच्या पुढे माणसं पोरकट होतात.

२९ नोव्हेंबर

आजचा धडा पत्रांच्या भाषेचा. जुन्या पत्रात ‘येणे’, ‘करणे’, ‘पाठविणे’ असं आलं की ती आज्ञा समजायची. ‘तांदूळ पाठविणे’ म्हणजे तांदूळ पाठवा. ‘सत्वर येणे’ म्हणजे लवकर या. किती सुंदर! आज्ञा आहे, पण बोट रोखलेलं नाही. वहीत चौकट करून लिहून ठेवलं.

मंडळाच्या बैठकीत हे सांगितलं तर राजीव म्हणाला, “वा ताई, म्हणजे ‘चहा देणे’!” सगळे हसले. मीही हसले.

वाचायला लागल्यापासून एक विचित्र गोष्ट झाली आहे. मी गप्प बसायला लागले आहे. परवा सूर्यकांतांनी विचारलं, बरं नाही का वाटत?

७ डिसेंबर

केतकीचं, माझ्या लेकीचं, नाव या वहीत घ्यायचं नाही असं ठरवलं होतं. पण आज घेते.

तीन वर्षांपूर्वी तिने केंद्र सरकारची नोकरी सोडली. दोन लाख मुलांतून निवड झालेली! संगणकावरचे खेळ बनवणाऱ्या कुठल्याशा कंपनीत जाते म्हणाली, आणि तिथल्याच सुयशशी लग्नही करते म्हणाली. सुयशबद्दल माझी तक्रार नव्हती. नोकरीबद्दल होती. मी उभी राहून बोलले. बराच वेळ बोलले. उंबऱ्यापाशी ती बॅग घेऊन उभी होती आणि मी शेवट केला, जसा नेहमी करते तसा: “आपल्या घराण्यात पाठ फिरवणाऱ्याला एकच वाक्य आहे. माघारे येणे नाही!”

मी ते भाषण म्हणून बोलले होते. तिने तो हुकूम म्हणून ऐकला. ती आली नाही. मी बोलावलं नाही. दीड वर्षापूर्वी मुलगी झाली, नाव रेवती, हे सूर्यकांतांनी सांगितलं. नोएडा इथून मेट्रोने अर्धा तास. मला पानिपत जवळ वाटतं.

आज र, ल, व गिरवताना ‘रेवती’ लिहून बघितलं. एका रेघेवर छान बसतं. हात उचलावा लागत नाही.

१३ डिसेंबर

मोठा गृहपाठ: घरचा एखादा जुना कागद वाचा आणि फोटोसह चढवा. मी पत्राच्या घड्या उलगडल्या. वरचा कोपरा फाटलेला, मधली घडी काळी पडलेली. भिंग लावून बसले. दुपारी दोनच्या सुमारास मला ‘म’ दिसला. मग ‘घ’. मग ‘माघारे’!

मी ओरडले. सूर्यकांत धावत आले, त्यांना वाटलं पडले. “अहो, वाचता आलं! मला वाचता येतंय!”

अडीचशे वर्षांपूर्वी कुणीतरी बोरू टेकवला होता, आणि त्याचा हात जसा वळला तसा आज माझा डोळा वळला. मधे कुणी नाही. ना मास्तर, ना वडील. मी रडले. सभेत मी ठरवून रडते. हे तसं नव्हतं.

माघारे, येणे, नाही. तिथे ओळ संपते. पुढची ओळ घडीत गेली आहे, तिचा नाद सोडला आणि गृहपाठ चढवला.

१५ डिसेंबर

कडबोळीने लिहिलं आहे. जसंच्या तसं उतरवते.

‘वाचन पक्कं आहे. पण ओळ संपली म्हणजे वाक्य संपलं नाही. घडीतली ओळ सोडू नका. फोटो उजळ करून बघितला तर पुढचं पहिलं अक्षर त आहे. कोपऱ्यातला अर्धा फाटलेला शब्द “नक्कल” असावा. नक्कल घरी ठेवतात, मूळ पत्र पाठवतात. म्हणजे हे पत्र छावणीतून आलेलं नाही. घरून गेलेलं आहे. या ओळीवर मी लहानपणी खूप टाळ्या वाजवल्यात. म्हणून सांगायला जड जातंय.’

टाळ्या वाजवल्यात! म्हणजे ही आमच्याच मंडळातली कुणी. अलकनंदाची सून असेल, तिला माझा पहिल्यापासून हेवा आहे. मी लगेच उत्तर दिलं: ‘भगिनी, ज्या ओळीवर पिढ्या उभ्या राहिल्या तिच्यावर शंका घेण्याआधी स्वतःचा अभ्यास तपासा.’

संध्याकाळी तिचं उत्तर आलं: ‘तपासला. तीन वर्षं तीच एक ओळ तपासतेय.’

१८ डिसेंबर

तीन दिवस त्या कागदाला हात लावला नाही. आज लावला. खिडकीच्या काचेवर धरला, ऊन मागून येईल असा. घडीतली काळी रेघ उजळली आणि अक्षरं पोहत वर आली.

तर.

लेकरू.

वोळखणार नाही.

मी वही काढली. चौकटीत माझ्याच हाताने लिहिलेलं होतं, ‘येणे म्हणजे या’. मग शब्द तोडले, जिथे तोडायला हवेत तिथे.

‘माघारे येणे. नाही तर लेकरू वोळखणार नाही.’

परत या. नाहीतर लेकरू तुम्हाला ओळखणार नाही.

हे त्याचं पत्रच नव्हे. हे त्याच्या बायकोचं आहे, कुणा कारकुनाकडून लिहवून घेतलेलं. तिने रणगर्जना केली नव्हती, नवऱ्याला घरी बोलावलं होतं. ते पत्र पोचलं की नाही कुणास ठाऊक. तो तर नाहीच आला. आणि मी, तिच्याच वंशातली, अठ्ठावीस वर्षं तिच्या तोंडात नेमकं उलटं वाक्य घालून टाळ्या घेतल्या. एवढासा ‘तर’! घडीत लपून बसला आणि मी त्याच्या बाहेर उभी राहून ओरडत राहिले.

पण लाज ओसरल्यावर जे उरलं ते लाजेहून मोठं होतं. ती बाई बोलत होती. मला तिचा आवाज ऐकू येत होता. तिच्याइतकं थोडक्यात मी आयुष्यात काही बोललेले नाही.

सूर्यकांतांना वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला. “बायका बरोबर बोलतात,” ते म्हणाले. “ऐकायला उशीर होतो इतकंच. चहा टाकू?”

२१ डिसेंबर

राजीवला बोलावून सांगितलं. त्याचा चेहरा पडला.

“ताई, बॅनर छापून आलाय! वीस फुटी! ‘माघारे येणे नाही’! दोनशे टी-शर्टसुद्धा आलेत, यार... म्हणजे, सॉरी ताई.”

“चुकीचं आहे ते.”

“कोणाला कळणार आहे? मोडी कोणाला येतं?”

“मला येतं,” मी म्हणाले. म्हणताना छाती भरून आली. पण हे सांगितलं तर माझी आजवरची सगळी भाषणं खोटी पडतील. न सांगितलं तर ती बाई पुन्हा घडीत जाईल.

१४ जानेवारी २०२६

पानिपतहून परतले. थंडीने बोटं वळत नाहीत, पण आजच लिहायला हवं.

धुकं इतकं की स्मारक जवळ जाईपर्यंत दिसलं नाही. माझ्यामागे तो वीस फुटी बॅनर, समोर दोनशे टी-शर्ट. तयार केलेली सुरुवात, ती ‘दिल्लीतल्या मराठी आईबापांनो’वाली, मी म्हटलीच नाही. म्हटलं, “मी पहिल्यांदाच हे पत्र वाचणार आहे. आजवर फक्त धरलं होतं.” आणि वाचलं. मोडीतून, बोट ठेवून, अडखळत. सगळं सांगितलं. येणे म्हणजे या. तर. लेकरू.

टाळ्या नाहीत. मला वाटलं, संपलं.

मग सत्तरीच्या वासंतीबाई उठल्या. पहाडगंजच्या मराठी शाळेत जन्मभर शिकवलेल्या. राजीवच्या खिशातलं जाड काळं पेन त्यांनी मागितलं आणि बॅनरखाली जाऊन, पाठ वाकवून, ‘नाही’च्या खालच्या मोकळ्या जागेत लिहिलं: ‘तर लेकरू वोळखणार नाही’. वळून म्हणाल्या, “माझा मुलगा अकरा वर्षं सिडनीत आहे. कुमुदिनी, पुन्हा वाच.”

मी पुन्हा वाचलं. सात वेळा वाचलं. माझ्या कपाळाला आठी आली नाही.

१६ जानेवारी

मंडळाने व्हिडिओ टाकला, तो कडबोळीनेही पाहिला. लिहिते: ‘आम्ही घरी दोनदा पाहिला. मी रडले. माझी छोटी फोनवर बोट ठेवून विचारत होती, कोण? कोण? काय सांगायचं ते सुचलं नाही.’

लहान मुलांना अनोळखी चेहऱ्यांचं कुतूहल असतं. उत्तरादाखल मी लिहिलं, ‘सांग, एक आजी आहे.’

त्यानंतर सकाळभर कशात लक्ष लागलं नाही. ‘कोण?’ हा शब्द कानातून जाईना. नोएडातही एक दीड वर्षाचं लेकरू आहे. तिला माझा फोटो दाखवला तर तीही हेच विचारेल. दोन दिवसांपूर्वी मी दोनशे लोकांना ज्या ओळीचा अर्थ सांगितला, तो अजून एका ठिकाणी सांगायचा राहिला आहे.

फोन हातात घेतला. ठेवला. पुन्हा घेतला. ज्या बाईच्या आवाजाला माइक लागत नाही तिला ‘हॅलो’ म्हणता येईना.

१८ जानेवारी, रविवार

शेवटचा गृहपाठ: ओळखीच्या माणसाला मोडीत दहा ओळींचं पत्र लिहा. सोबती ते वाचेल.

मी केतकीला लिहिलं. तिला मोडी येत नाही. पाठवलं तरी लागायचं नाही, आणि त्यामुळेच लिहिण्याचा धीर झाला. वाचणार ती कडबोळी. ना ओळखीची, ना पाळखीची; तिने वाचलं तर वाचू दे. कुणीतरी एकदा मोठ्याने वाचावं, एवढंच वाटतं. फोनचं काय करायचं ते उद्या बघू.

सूर्यकांत खांद्यावरून डोकावले. “चढवलंस?”

“चढवते. तुम्हाला काय एवढी घाई?”

“काही नाही,” ते म्हणाले, आणि रविवार असूनही कडबोळ्यांची भाजणी काढायला स्वयंपाकघरात गेले.

आधी पानभर रेघ ओढली. मग हात न उचलता लिहिलं. इथे शब्द तोडून ठेवते, कुणाची चूक व्हायला नको:

‘चिरंजीव केतकीस आईचे आशीर्वाद. घरातल्या एका बाईचे बोलणे मी अर्धेच वाचले होते आणि ते अर्धे तुझ्या अंगावर फेकले. उरलेले आता वाचता आले. चूक तुझी नव्हती. नोकरीबद्दल माझे मत आहे तेच आहे, पण ते दाराहून मोठे नाही. दार उघडे आहे. रेवती मला कोण म्हणून विचारेल, तेव्हा उत्तर द्यायला मी समोर असावे असे वाटते. भाषण करणार नाही. पत्र पावताच लेकरास घेऊन माघारे येणे.’